परतीचा हिशेब वर्षांत मांडा

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीतून निवृत्त कामगाराला मिळणारं सरासरी निवृत्तिवेतन जानेवारी २०२५ मध्ये महिन्याला १,९७६ डॉलर होतं. डॉलरला ८५ रुपये धरले, तर १ लाख ६८ हजार रुपये. हे पैसे नागपूरच्या लक्ष्मीनगरात राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांना सुरू झाले आहेत असं समजू. दोघांची नोकरी सारखी, पगार सारखा, वर्षं सारखी. एकानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. दुसऱ्यानं ग्रीन कार्ड परत केलं आणि भारतीय नागरिक म्हणून घरी आला. पहिल्याचं दुसरं फारसं उत्पन्न नसेल, तर त्याला जवळजवळ सगळी रक्कम मिळते. दुसऱ्याच्या रकमेच्या ८५ टक्के भागावर ३० टक्के, म्हणजे एकूण २५.५ टक्के कर अमेरिका आधीच कापून घेते. त्याच्या हाती १,४७२ डॉलर येतात, सव्वा लाख रुपये. भारत-अमेरिका करारानुसार या निवृत्तिवेतनावर कर लावायचा अधिकार फक्त अमेरिकेला आहे, त्यामुळे इथे वेगळा कर नाही. पण फरक महिन्याला ४३ हजारांचा, आणि तो जन्मभराचा.

परतायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘किती कोटी लागतील?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न कोणत्या वयात, कोणत्या महिन्यात आणि किती वर्षं पूर्ण करून परतायचं हा. रक्कम थोडीफार कमी-जास्त झाली तरी निभावून नेता येतं. चुकलेली तारीख मात्र सहसा दुरुस्त होत नाही.

नागपूरला हा विषय नवा नाही. १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९६० सालचं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचं व्हीएनआयटी, या दोन संस्थांतून कित्येक पिढ्या बाहेर गेल्या. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकेनं आशियातल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं तेव्हा गेलेले आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांचा निर्णय केव्हाच होऊन गेला. नव्वदच्या दशकात संगणकाच्या नोकऱ्यांवर गेलेली पिढी आज पन्नाशी-साठीच्या मध्ये आहे. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी.

अमेरिकेतला पहिला आकडा ४० चा. निवृत्तिवेतनाला ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक क्रेडिट मिळत होतं, म्हणजे पगारदाराला वर्षाचे चार सहज पडतात. पण दहा वर्षं भरलीच पाहिजेत. ३९ क्रेडिटवर परतलेल्याच्या हाती शून्य येतं. पगारातून दरमहा कापलेले ६.२ टक्के आणि मालकानं भरलेले तेवढेच, सगळं तिकडेच राहतं. सुमारे ३० देशांशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, त्यामुळे त्या देशांच्या नागरिकांना दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. भारताशी तसा करार नाही. जर्मनी, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताचे करार झाले आहेत. सर्वांत जास्त पैसा जिथे अडकतो त्या अमेरिकेशी नाही. आठ-नऊ वर्षं नोकरी करून, आईवडिलांच्या आजारपणामुळे धावत परत आलेल्यांवर हा अन्यायच आहे.

४० क्रेडिट असलेल्या भारतीय नागरिकाला नागपुरात बसून निवृत्तिवेतन मिळत राहतं. पत्नीच्या हक्काचा नियम मात्र वेगळा आहे. ती अमेरिकन नागरिक नसेल, तर नवऱ्याच्या खात्यावरचा हिस्सा किंवा त्याच्यामागचं वेतन भारतात मिळण्यासाठी तिनं पत्नी म्हणून अमेरिकेत पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. घरातला हिशेब नवऱ्याच्या नावानं होतो आणि हे कलम नजरेतून निसटतं. सरासरी आयुर्मान पाहता मागे राहण्याची शक्यता तिचीच जास्त, म्हणून ते आधी तपासावं.

वेतन कधी सुरू करायचं तेही वर्षांवरच ठरतं. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण वय ६७. तेव्हा १,००० डॉलर मिळणार असतील, तर ६२ व्या वर्षी सुरू केल्यास ७०० मिळतात आणि ७० पर्यंत थांबल्यास १,२४०. परत येणं आणि वेतन सुरू करणं या दोन वेगळ्या तारखा आहेत. एकीसाठी दुसरी अडवून ठेवायची गरज नाही. ६० व्या वर्षी नागपुरात येऊन ६७ व्या वर्षी वेतन सुरू करता येतं. मधली सात वर्षं बचतीवर काढावी लागतात, एवढंच.

ब्रिटनमधून येणाऱ्यांचं दुखणं निराळं आहे. तिथलं सरकारी निवृत्तिवेतन भारतात मिळतं, पण ते गोठतं. ज्या दरानं सुरू झालं त्याच दरानं राहतं. नवं पूर्ण वेतन एप्रिल २०१६ मध्ये आठवड्याला १५५.६५ पौंड होतं, एप्रिल २०२५ मध्ये २३०.२५ झालं. २०१६ साली नागपुरात बसून ते घ्यायला लागलेल्याला आजही १५५.६५ च मिळतात. २०२५ च्या दरापेक्षा वर्षाला सुमारे ३,८८० पौंड कमी. पौंडाला ११५ रुपये धरले तर साडेचार लाखांच्या जवळपास. तोच माणूस फिलिपिन्समध्ये स्थायिक झाला असता तर वाढ मिळाली असती, कारण त्या देशाशी तसा करार आहे. आयुष्यभर सारखीच वर्गणी भरलेल्या दोन माणसांत राहत्या गावावरून असा भेद करणं कुठल्याही न्यायात बसत नाही.

आणि आखात. तिथून परतणं बहुतेकांच्या मर्जीवर नसतं, नोकरी संपली की व्हिसा संपतो. निवृत्तिवेतन नाही, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार. वीस वर्षांचे ५५५ दिवस होतात. मूळ पगार ५,००० दिरहम धरला तर ९२,५०० दिरहम, म्हणजे सुमारे २१ लाख ४० हजार रुपये. साठी उलटलेल्यानं ती सगळी रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवली, तर महिन्याला सुमारे १४,६०० रुपये येतील. वीस वर्षांच्या कष्टांनंतर हातात एवढंच. आखातात असलेल्याला निवृत्तीची तजवीज पहिल्या पगारापासून स्वतःच करावी लागते. तिथलं कुठलंही सरकार त्याच्यासाठी ती करत नाही, आपलंही करत नाही.

डॉलरवाल्यांना वाटतं, रुपया घसरतच जाणार, आपली चिंता मिटली. आकडे तसं पूर्णपणे सांगत नाहीत. २००० साली डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. पंचवीस वर्षांत १.९ पट, म्हणजे वर्षाला अडीच टक्के. सोशल सिक्युरिटीत महागाईनुसार वाढ होते. २०२५ ची वाढ २.५ टक्के होती. पुढेही दोन्ही तसंच चाललं, तर निवृत्तिवेतनाची रुपयांतली किंमत पंचवीस वर्षांत साडेतीन पट होईल. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट ४ टक्के महागाईचं आहे, वरची मर्यादा ६ टक्क्यांची. ४ टक्क्यांनी खर्च २.७ पट होतो, ६ टक्क्यांनी ४.३ पट. डॉलरचा टेकू भक्कम आहे, पण महागाई वरच्या टोकाला राहिली तर तोही अपुरा पडतो. गोठलेल्या पौंडाला तर फक्त विनिमयदराचाच आधार. साठीच्या भारतीयाला सरासरी आणखी १८.३ वर्षं आयुष्य असतं, असं संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो. सरासरी म्हणजे बरेच जण त्यापुढे जातात. हिशेब पंचवीस वर्षांचाच धरावा.

आता आरोग्याकडे येऊ, कारण परतीचे बेत बहुधा इथेच फसतात. अमेरिकेतला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. त्याच्या ‘भाग बी’चा हप्ता २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता, वर्षाला सुमारे १ लाख ८९ हजार रुपये. नागपुरात राहून तो भरत राहिलं, तर न वापरता येणाऱ्या विम्यावर दहा वर्षांत जवळपास १९ लाख जातात. सोडून दिला आणि पाच वर्षांनी पुन्हा घेतला, तर दर वर्षामागे १० टक्के याप्रमाणे ५० टक्के जादा हप्ता कायमचा मागे लागतो. ऐंशीव्या वर्षी तब्येत ढासळली तर मुलांकडे अमेरिकेत जायचं आहे का, याचं खरं उत्तर नवरा-बायकोनं आधी एकमेकांना द्यावं. जायचं नसेल, तर तो हप्ता इथल्या उपचारांसाठी वेगळा ठेवलेला बरा.

भारतातल्या विम्यात अलीकडे बरेच चांगले बदल झाले. १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादा उठली. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ६० हजारांच्या हप्त्यावर १०,८०० रुपये वाचले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तरीही मधुमेह, रक्तदाब घेऊन बाहत्तराव्या वर्षी आलेल्या माणसाला त्या आजारांसाठीचं पूर्ण संरक्षण पंचाहत्तरीतच मिळणार. तेही कंपनीनं पॉलिसी दिली तर. बासष्टाव्या वर्षी येणाऱ्याची तीच तीन वर्षं बहुधा निभावून जातात.

उपचारांच्या बाबतीत नागपूर आता मुंबईकडे डोळे लावून बसलेलं शहर नाही. मिहानमधलं एम्स ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालं. जामठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान ४७० खाटांचं आहे. हृदय, कर्करोग, सांधे यांसाठी गाव सोडावं लागत नाही. उणीव आहे ती घरी येऊन सांभाळणाऱ्या प्रशिक्षित माणसांची. निवृत्तांच्या वसाहती पुण्यात जशा उभ्या राहिल्या तशा इथे राहिल्या नाहीत आणि भाऊ-बहिणींची मुलं पुण्या-बंगळुरूला गेली. ‘नातेवाईक आहेत ना’ हा आधार वीस वर्षांपूर्वी होता तितका आज धरता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, २०३६ मध्ये ते १५ टक्क्यांच्या जवळ जातील असा सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. म्हणजे सांभाळायला माणूस शोधणारी घरं वाढणार आहेत. आणि इथला उन्हाळा. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तीस वर्षं थंड हवेत काढलेल्या शरीराला तो सोसायला वय हाताशी असावं लागतं.

कोणत्या महिन्यात परतायचं हा हिशेब यालाच जोडून येतो. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की माणूस करासाठी रहिवासी ठरतो. आधीच्या चार वर्षांत भारतात एकूण ३६५ दिवस काढले नसतील आणि तो नोव्हेंबरात आला, तर त्या वर्षी तो अनिवासीच राहतो. पुढची दोन वर्षं त्याचा दर्जा ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला’ असतो आणि परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. नोव्हेंबर २०२६ मध्ये आलेल्याला ही सवलत मार्च २०२९ पर्यंत मिळेल. एप्रिल २०२६ मध्ये आलेल्याची मार्च २०२८ ला संपेल. नागपूरचा हिवाळाही नोव्हेंबरातच लागतो. परदेशातले शेअर विकायचे असतील, खाती आटोपशीर करायची असतील, तर या मुदतीत करावीत. त्यानंतर परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते आणि न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्तिखात्यांवर पैसे काढतानाच कर भरायची सोय २०२१ च्या वित्त कायद्यानं केली आहे. त्यासाठीचा अर्ज वेळेत भरावा लागतो.

नागरिकत्वाच्या निर्णयात फक्त ४३ हजार पाहू नयेत. २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८ जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीच्या ओसीआय कार्डावर इथे जन्मभर राहता येतं, फ्लॅट घेता येतो; मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग घेऊन राहायचं स्वप्न अनेक वैदर्भीयांनी परदेशात जपलेलं असतं. वडिलांकडून वारसानं आलेलं शेत ठेवता येतं, नवं घेता येत नाही. बाग हवी असेल, तर भारतीय पासपोर्ट सोडण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

माझं मत स्पष्ट आहे: यायचं असेल तर साठी ते बासष्टीच्या दरम्यान, दोघंही हिंडते-फिरते असताना, नोव्हेंबरात या. आणखी पाच वर्षं थांबून जमा होणारी रक्कम त्या पाच निरोगी वर्षांची भरपाई करत नाही. आणि एक काम त्याआधीच करून ठेवा. अनेक भारतीय कंपन्या परदेशात राहणाऱ्या भारतीयांनाही आरोग्य विमा देतात, आणि प्रतीक्षेची तीन वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जातात. पंचावन्न वर्षं उलटली असतील, तर पुढच्या सुट्टीत नागपूरला याल तेव्हा दोघांच्या वैद्यकीय तपासण्या करून पॉलिसी घेऊनच परतीचं विमान पकडा.