आपला फोन, आपली गोष्ट (भाग ५) : पाकीट आणि पत्ता

आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं जुनं नाव सेगाव. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले आणि पत्रांचा पूर सुरू झाला. त्यातली कितीतरी पत्रं भलतीकडे, बुलढाण्यातल्या शेगावला जायची. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदललं. पाकीट कितीही चिकटवा, वरचा पत्ता पोस्टमनला वाचता आलाच पाहिजे. फोनचंही तसंच आहे.

साधा कॉल आणि एसएमएस हे पोस्टकार्ड समजा. कंपनीच्या यंत्रणेत ते उघडंच असतं. सरकारला ऐकायचं असेल तर एरवी गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट घातली. आदेश दोन महिन्यांचा, वाढवत नेला तरी सहा महिन्यांपलीकडे नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल म्हणजे बंद पाकीट. मजकूर तुमच्या फोनवर बंद होतो तो समोरच्याच्या फोनवरच उघडतो, मधल्या सर्व्हरला वाचता येत नाही. पत्ता मात्र राहतो : कोणी, कोणाला, कधी, किती वेळा. रात्री अकरानंतर तुम्ही एकाच दवाखान्याला चारदा फोन लावलात, तर बोलणं ऐकायची गरजच काय? या बाबतीत सिग्नल उजवं. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, याहून फारसं काही ते स्वतःकडे ठेवत नाही.

खासगीपणाचा विषय निघाला की ‘गांधीजींनी कुठे काय लपवलं?’ असं वर्ध्यात कोणीतरी विचारतंच. खरंय. मिठाच्या सत्याग्रहाआधी त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनना पत्र लिहून बेत कळवला होता. पण ते पत्र त्यांनी स्वतः पाठवलं होतं, कोणी चोरून वाचलं नव्हतं.

आता बंद पाकिटाची मर्यादा. २०१९ मध्ये इस्रायली कंपनीच्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने जगभरात सुमारे १४०० फोनना लक्ष्य केल्याचं उघड झालं. त्यात आपल्या शेजारच्या नागपूरचे वकील निहालसिंह राठोडही होते. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल यायचा, तो उचलायचीही गरज नव्हती. पाकिटाला हात न लावता हा पाहुणा थेट लिहिणाऱ्याच्या पाठीमागे जाऊन बसायचा. ज्या भोकातून तो शिरायचा ते व्हॉट्सअ‍ॅपने त्याच वर्षी मे महिन्यात बुजवलं आणि सगळ्यांना अपडेट घ्यायला सांगितलं. ‘अपडेटने फोन स्लो होते’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तुमच्या-माझ्यासाठी कोणी पेगॅसस वाया घालवणार नाही. आपण स्वतःच दार उघडं टाकतो. चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, त्याला वेगळं कुलूप लावावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपखाली ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ आहे, ते चालू करा. त्याचा पासवर्ड विसरलात तर तो बॅकअप कोणालाच उघडता येणार नाही, म्हणून वहीत लिहून ठेवा.

आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ एकदा उघडून बघा. हा भाग लिहिताना मीही उघडलं. वर एक अनोळखी कॉम्प्युटर होता. बराच वेळ आठवेना. मग लक्षात आलं, मागच्या आठवड्यात वीजबिलाची प्रिंट काढायला चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप वेब लावलं होतं. बिल घेऊन घरी आलो, घरच्या सगळ्या गप्पा तिथेच ठेवून.