शाळेचा संघ, खेळाडूची जोपासना आणि आपली मुले

सभासद बंधू-भगिनींनो,



या अंकात आम्ही हुमणीबद्दल लिहिणार होतो. परंतु गेल्या महिन्यातील एका गट सभेनंतर वेगळ्याच विषयावर लिहिणे भाग पडले. हुमणी पुढच्या अंकी.

सभा संपली, लागण नोंदीचे काम आटोपले आणि एक सभासद मागे रेंगाळले. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. क्रिकेट बरे खेळतो. उन्हाळी शिबिरात कोणीतरी सांगितले की, "याला मुंबईला घाला, इथे ठेवून वाया घालवू नका." तेव्हापासून घरात दोन तट पडलेले. सभासदांचा विचार असा की, येणाऱ्या ऊस बिलावर सोसायटीतून कर्ज उचलावे, शाळेचा दाखला काढावा आणि पोराला बोरिवलीला पाहुण्यांकडे ठेवावे. घरच्या बाईंना हे पसंत नाही. ते म्हणाले, "साहेब, तुमचं मुंबईला येणं-जाणं असतं. तुम्हीच सांगा, काय करू?"

आम्ही म्हटले, "पंधरा दिवस द्या." ऊस सोडून दुसऱ्या पिकावर सल्ला द्यायचा तर आधी पाहणी पाहिजे. आमचे साडू बोरिवलीस राहतात. त्यांच्याकडे मुक्काम केला, मैदानाच्या कडेला बसून शालेय सामने पाहिले, जाणत्या मंडळींना विचारले. जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

हंगाम कसा चालतो

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये दोन ढाली मानाच्या. चौदा वर्षांखालील मुलांसाठी जाइल्स शील्ड आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस शील्ड. दोन्ही स्पर्धा शंभर वर्षांहून जुन्या. हॅरिस हे नाव मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचे. याच हॅरिस शील्डमध्ये फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली होती. सचिन ३२६, विनोद ३४९, दोघेही नाबाद.

शालेय सामन्यांचा भर पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत. म्हणजे आपला गळीत हंगाम आणि त्यांचा हंगाम साधारण एकाच सुमारास. कारखान्याचे गाळप चार-सहा महिने दिसते, त्यामागे वर्षभराची मशागत असते. संघाचेही तसेच. एप्रिल-मे मध्ये शिबिरे भरतात, त्यातून पोरे हेरली जातात. पावसाळ्यात अंगमेहनत चालते. मोठ्यांच्या क्लबांसाठी पावसाळ्यात खेळावयाची कांगा लीग १९४८ पासून सुरू झाली, तिच्या ओल्या खेळपट्टीवर होतकरू मुलांचीही कसोटी लागते. पाऊस उघडला की जाळ्यातला सराव, मग सामने. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरची पोरे पाठीवर किटची पिशवी टाकून पहाटेची लोकल पकडतात आणि आझाद मैदान नाही तर क्रॉस मैदान गाठतात. त्या गर्दीत ती पिशवी घेऊन शिरणे हाच एक व्यायाम आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले.

बोरिवलीच्या शाळेचा धडा

उपनगरातील एका शाळेचे उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. बोरिवलीची स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूल आणि तेथील मार्गदर्शक दिनेश लाड.

१९९९ साली एका उन्हाळी शिबिरात लाड सरांना एक ऑफस्पिन टाकणारा मुलगा दिसला. त्याचे आई-वडील डोंबिवलीस, परिस्थिती बेताची, म्हणून मुलगा बोरिवलीस आजी-आजोबा व काकांकडे वाढत होता. सरांनी त्याला आपल्या शाळेत येण्यास सांगितले. शाळेची फी महिना २७५ रुपये, तीही परवडणारी नव्हती. सरांनी शाळेकडे शब्द टाकून फी माफ करून घेतली. पुढे एके दिवशी हाच गोलंदाज फलंदाजीचा सराव करताना सरांच्या नजरेस पडला. खाली कुठेतरी खेळणाऱ्या या पोराला त्यांनी वर आणले, सलामीला पाठविले आणि त्याने शतक ठोकले. तो मुलगा रोहित शर्मा. नोव्हेंबर २०१४ मध्ये कोलकात्यास एका दिवसाच्या सामन्यात २६४ धावा करणारा आणि २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कप्तान.

दुसरा मुलगा आपल्याला अधिक जवळचा, कारण तो शेतकऱ्याच्या घरचा. पालघरकडचा शार्दुल ठाकूर. शाळांच्या सामन्यात समोरच्या संघातून खेळताना सरांनी त्याला पाहिले आणि आपल्या शाळेत आणायचे ठरविले. पण पालघरहून रोज ये-जा करून शाळा व सराव दोन्ही कसे जमणार? तेव्हा सरांनी त्याला स्वतःच्याच घरी ठेवून घेतले. २००६ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात शार्दुलने एका षटकात सहा षटकार मारले.

लाड सरांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आम्हाला मात्र त्यांच्या कामात तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, मुलाला जे येते तेवढ्यावर न थांबता त्याच्यात आणखी काय आहे हे पाहिले. दोन, मुलगा शाळेत टिकेल याची व्यवस्था आधी केली, खेळ नंतर. तीन, त्याचा निवारा आणि जेवण मार्गी लावले. "मुंबईला घाला" म्हणणाऱ्याने यातली कोणती जबाबदारी उचलली आहे, हे आधी विचारावे.

एका डावावरून वाण ठरत नाही

उसाचा नवीन वाण शिफारशीस येण्यापूर्वी निरनिराळ्या ठिकाणी दोन लागणी आणि एक खोडवा असे त्याचे उत्पादन व उतारा तपासतात. एका शेतात, एका साली टनेज चांगले आले म्हणून कोणी वाण प्रसारित करीत नाही. खेळाडूबाबत मात्र आपण एका डावावर पोराला डोक्यावर घेतो.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने सोळा वर्षांखालील शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. जगभर नाव झाले. वडील रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट संघटनेने मुलाला महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या, चारी बाजूंनी अपेक्षांचे ओझे, तेव्हा वडिलांनीच ही शिष्यवृत्ती थांबवावी असे संघटनेला लिहून कळविले. त्या माणसाच्या सचोटीला आमचा नमस्कार. पण हजार धावा करूनही वाट सरळ झाली नाही, हे ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही पाहा. शार्दुल पहिल्या कसोटीत, ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला, दहा चेंडू टाकून दुखापतीने बाहेर गेला. दुसरी कसोटी मिळाली ती थेट जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला. तेथे त्याने सात बळी घेतले, पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि भारताने तो सामना व मालिका जिंकली. दोन वर्षांहून अधिक काळ दम धरणारा खेळाडू शाळेच्या वयातच घडावा लागतो.

कोवळ्या फुटव्याला जादा युरिया नको

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. मुलगा वेगाने चेंडू टाकतो म्हटले की शाळा, तालुका, गावची टेनिस बॉल स्पर्धा, सगळीकडे त्यालाच राबविले जाते. वाढत्या वयात हाडे पक्की झालेली नसतात. वेगवान गोलंदाजीत कमरेच्या मणक्यावर ताण येतो, तोच ताण पुन्हा पुन्हा आला की हाडाला बारीक चीर पडते आणि पोरगे महिनोन् महिने घरी बसते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षे तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजास एका दमात ५ आणि दिवसभरात १० षटकांहून अधिक टाकू न देण्याचा दंडक ठेवला होता. आपल्याकडे जत्रेतल्या स्पर्धेत एकाच दिवशी चार सामने खेळणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. युरियाचा मारा केला की ऊस हिरवागार दिसतो आणि मग लोळतो, हे तुम्हाला आम्ही सांगावयास नको.

एकाच खेळाला लहानपणापासून जुंपणेही गरजेचे नाही. मुंबईच्या भांडुपमध्ये जन्मलेली जेमिमा रॉड्रिग्ज शालेय वयात हॉकीही तितकीच जोरात खेळे. महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील हॉकी संघात ती होती. तिला क्रिकेटचे पहिले धडे वडिलांनीच दिले. त्याच जेमिमाने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि पुढे भारताने विश्वचषक जिंकला. आपल्या मुलीही पळतात, खेळतात. पोरांचा विचार करताना त्यांचा विसर पडू नये.

मुंबईलाच जावे लागते का?

आता मुद्द्याची गोष्ट. क्रिकेटच्या कारभारात महाराष्ट्र राज्याचे तीन भाग आहेत. मुंबई शहर, उपनगरे, ठाणे-पालघरचा पट्टा मुंबई क्रिकेट संघटनेकडे. विदर्भ नागपूरच्या संघटनेकडे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर, नाशिक, मराठवाडा हा भाग पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे. पालघर मुंबईच्या हद्दीत येते, म्हणून शार्दुलची वाट बोरिवलीवरून गेली. आपला जिल्हा महाराष्ट्र संघटनेत येतो. आपल्या मुलाची रीतसर वाट शाळा, जिल्हा आणि मग महाराष्ट्राचा वयोगट संघ अशी आहे. ती सोडून मुंबईला गेल्यास तेथल्या हजारो पोरांत पुन्हा शेवटून उभे राहावे लागते.

सांगलीची स्मृती मानधना पाहा. ती सांगलीतच शिकली, सांगलीतच सराव केला. वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात आली. २०१३ साली १९ वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ धावा केल्या. ऊस पिकविणाऱ्या मुलखातूनही भारतीय संघापर्यंत रस्ता जातो, तो हा असा.

सभासदांनी काय करावे

१. दहावीपर्यंत मुलाची शाळा तोडू नये. लाड सरांनीसुद्धा पोरांना शाळेत आणूनच घडविले.

२. जिल्हा संघटनेच्या वयोगट निवड चाचण्या केव्हा असतात ते क्रीडा शिक्षकांकरवी वेळेवर विचारून ठेवावे. अर्ज राहिला की वर्ष गेले.

३. जन्मतारखेत फेरफार अजिबात करू नये. सोळा वर्षांखालील मुलांची हाडांच्या क्ष-किरण चित्रावरून वयाची तपासणी होते. त्यात सापडल्यास मुलाच्या माथी बंदी येते आणि बट्टा कायमचा लागतो.

४. गोलंदाजी किती झाली हे मुलाने रोज वहीत लिहावे. कंबर दुखते म्हणाला तर "सोस जरा" म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावे.

५. दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ-भाकरी आणि पुरती झोप याला पर्याय नाही. महागडी बॅट नंतर.

६. मुलाच्या खेळासाठी उसाच्या बिलावर कर्ज काढू नये. बिल आधीच पीककर्जाला बांधलेले असते. खेळ फुलला तर शिष्यवृत्ती, शाळा, क्लब पुढे येतात. नाही फुलला तर पोराच्या डोक्यावर बापाच्या कर्जाचे ओझे राहते, आणि असे ओझे घेऊन कोणी मोकळ्या हाताने बॅट फिरवू शकत नाही.

हे सगळे आम्ही त्या सभासदांच्या ओसरीवर बसून सांगितले. घरच्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मुलगाही होता. तो काही बोलला नाही, उठून गेला. मागाहून कळले की पोरगे दोन दिवस नीट जेवले नाही. आम्हाला वाईट वाटले, खोटे कशाला बोला. कदाचित तो मुंबईला चमकलाही असता. पण पंधरा दिवसांत जे पाहिले त्यावरून तेरा वर्षांच्या मुलाला घर, शाळा आणि आईच्या हातचे जेवण एकदम सोडायला लावा, असे सांगण्यास आमची जीभ धजली नाही. दोन वर्षे इथेच खेळू दे, जिल्ह्यात नाव काढू दे, मग पुन्हा बसून बोलू, असे ठरले आहे. कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला.

जाता जाता एक सूचना. मुलाला थांब म्हणावयाचे तर त्याला खेळण्यास जागा देणे आपलेच काम. गावोगावच्या शाळांची मैदाने खडकाळ आहेत. दिवाळीनंतर शालेय सामन्यांच्या दिवसांत कारखान्याच्या टँकरचे पाणी आणि आठवड्यातून एकदा रोलर मिळाला तर दोन-चार मैदाने सहज धरतील. कबड्डी, खो-खोच्या पोरा-पोरींनाही त्याचा लाभ होईल. हा विषय मा. संचालक मंडळापुढे ठेवण्याची विनंती आम्ही करीत आहोत. ज्या गावांना मैदान हवे, त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे.

चांगले बेणे मुंबईत मिळते, पुण्यात मिळते आणि आपल्या बांधावरही असते. मशागत मात्र आपली आपणच करावयाची असते.

आपला,
ऊस विकास अधिकारी