पणजीहून समुद्रावर जाताना

नाताळ किंवा मे महिन्याची सुटी आली की पणजीतील घरांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते आणि चहाचे कप खाली ठेवताच प्रश्न येतो, समुद्रावर कोठे जायचे? यजमान सवयीने कळंगुटचे नाव घेतो. किनारा नावावरून निवडण्याची ही रीत सोयीची असली तरी सुरक्षित नाही. नदीचे मुख किती जवळ आहे, आपण पोहोचू तेव्हा भरती असेल की ओहोटी आणि महिना कोणता, हे आधी पाहावयास हवे.

१८४३ साली राजधानी झालेली पणजी उघड्या समुद्रावर नाही, मांडवीच्या काठावर वसलेली आहे. तिचा सर्वांत जवळचा किनारा म्हणजे मिरामार, जुन्या पिढीचे गास्पर दियश. नदी समुद्राला मिळते त्याच तोंडाशी ही रुंद पुळण पसरली आहे. येथील पाणी बहुधा शांत दिसते आणि नेमकी तीच फसगत होते. ओहोटी लागली की भरतीने आत शिरलेले पाणी आणि मांडवीचे स्वतःचे पाणी एकदमच बाहेर पडू लागते. वर लाट नसली तरी पायांखाली ओढ असते. म्हणून मिरामार हा चालण्याचा, बसण्याचा, लहान मुलांनी वाळूत खेळण्याचा किनारा आहे, पोहण्याचा नव्हे.

भरती-ओहोटीचा अंदाज घेण्यास घरातले पंचांग पुरेसे आहे. अमावास्या आणि पौर्णिमेला आपल्याकडे भरती साधारण मध्यान्हाच्या सुमारास भरते, त्यामुळे सायंकाळी ओहोटी असते. पुढे दररोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भरती सायंकाळकडे येते, परंतु तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी असते. उलट पौर्णिमेच्या उधाणानंतर उतरणारे पाणी दुपारी सर्वाधिक वेगाने धावते. जेवण आटोपून तीन वाजता पाहुण्यांना घेऊन निघणाऱ्याने हे अवश्य ध्यानात घ्यावे. अचूक वेळ हवी असल्यास मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे.

मिरामारच्या पुढे करंजाळे लागते. गर्दी कमी, झाडांची सावली बरी. आणि नशीब असेल तर सकाळी रापण ओढताना पाहावयास मिळते. दोन्ही टोकांना माणसे उभी राहून जाळे तालात किनाऱ्याकडे आणतात, हे दृश्य शहरातून आलेल्या मुलांना कोणत्याही जलक्रीडेपेक्षा अधिक काळ आठवते, असा माझा अनुभव आहे. दोनापावलला मात्र किनारा शोधत जाऊ नये. तेथे पाहायचा तो मांडवी आणि झुआरी यांच्या मुखांमधला देखावा, आणि पलीकडचे मुरगाव. निसरड्या खडकांवर छायाचित्रासाठी उतरण्याचा मोह टाळलेलाच बरा. झुआरीच्या बाजूचे शिरदोण शांत आहे. ओहोटीच्या वेळी शंख-शिंपले वेचावयास ते उत्तम.

लाटांत डुंबायचेच असेल, तर मांडवी ओलांडून बार्देशात जावे लागते. आग्वाद किल्ल्याच्या उत्तरेस सिकेरी, कांदोळी, कळंगुट, बागा असा सलग पट्टा आहे. यांपैकी सिकेरी-कांदोळीचा किनारा अनेकांना अद्याप ‘रिव्हर प्रिन्सेस’मुळे आठवतो. २००० साली अडकलेले ते जहाज बारा वर्षांच्या आसपास तेथेच होते, आणि एक अडथळा वाळूची ये-जा कशी बदलून टाकतो हे स्थानिकांनी डोळ्यांनी पाहिले.

या उघड्या किनाऱ्यांवरील खरा धोका निराळा आहे. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परतताना एखादी अरुंद वाट शोधते आणि तेथून जोराने आत जाते. या वाटेवर लाटा कमी फुटतात, पाणी किंचित गढूळ पण सपाट दिसते. पोहणे न येणारा माणूस ‘येथे शांत आहे’ म्हणून नेमका तेथेच उतरतो. ओढले गेल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. तरंगत राहावे, हात वर करून जीवरक्षकाला खूण करावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून त्या वाटेबाहेर पडावे. लाल-पिवळ्या बावट्यांमधील जागेतच उतरावे. नुसता लाल बावटा असेल, तर घोट्याएवढ्या पाण्यातही जाऊ नये. जीवरक्षकांशी हुज्जत घालणारे बहुधा पाहुणेच असतात. त्यांना आवरण्याचे काम यजमानाचे.

जून ते सप्टेंबर या काळात ही सारी तुलना व्यर्थ ठरते. मांडवीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर पावसाळ्यात लाटा अशा फुटतात की खनिजवाहू बार्जही तो मार्ग सोडून कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीकडे वळतात. लोखंडी बार्ज जेथे माघार घेते, तेथे आपण चपला काढून उतरण्यात काय शहाणपण? त्या दिवसांत रेईश मागूशच्या किल्ल्यावरून समुद्र पाहावा. तो तेथून अधिक भव्य दिसतो आणि माणसे कोरडी घरी परततात.

हिवाळ्यात वेळ हाताशी असेल तर पेडण्यातील मोरजीपर्यंत जावे. तेथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर राहावे आणि अंधार पडल्यावर वाळूवर विजेऱ्या पाजळू नयेत. बाहेर पडलेली पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.