‘धर्म नाही’ म्हणजे नास्तिक नव्हे

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणाऱ्यांना मी सरळ ‘नास्तिक’ या रकान्यात टाकलं. एक काकू म्हणाल्या, "अरे, देव मानते मी! धर्म लिहीत नाही, एवढंच."

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या २०१२च्या अहवालात, स्वतःला कुठल्याच धर्माचे न म्हणवणाऱ्यांपैकी ६८ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं होतं. माझा रकाना तिथं साफ आपटला असता.

म्हणून ओळख, श्रद्धा आणि आचरण यांचे प्रश्न वेगवेगळे विचारा. मुलाखतीत "तरीही ध्यान करता?" असं विचारू नका, त्या ‘तरीही’मधून आपलं मत डोकावतं आणि समोरचा गप्प होतो. पटलं नाही तर तो वाद आपल्या डायरीत घाला. मी आता दोन वह्या ठेवतो.