परसातले वांगे : फुलापासून भरितापर्यंत

मंडईत वांगी घेताना आपण काय करतो? एकेक वांगे हातात घेऊन फिरवून पाहतो. भोक दिसले की ते बाजूला ठेवतो, भोक नसलेले पिशवीत टाकतो. घरी आल्यावर चिरायला घेतो, तर त्या निर्दोष दिसणाऱ्या वांग्यातूनच गुलाबी अळी डोके वर काढते आणि आपण भाजीवाल्याला नावे ठेवतो. वर्षानुवर्षे आम्हीही हेच करत होतो. परसात वांग्याची सहा रोपे लावली तेव्हा कळले, की भोकाचा अर्थ आपण उलटा लावत होतो. तो उलटा कसा हे पुढे येईलच. त्याआधी रोपांची ओळख करून घेऊ.

रोपे लावताना

चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवतात आणि मग वांगी पुन्हा ताटात येतात. हा दिवस साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. त्या दिवशी घरच्या वांग्यांचे भरीत करायचे असे ठरवून आम्ही मागे मोजत गेलो. लावणीपासून पहिली तोडणी व्हायला साधारण दहा आठवडे लागतात, आणि बी पेरल्यापासून रोप लावणीजोगे व्हायला पाच-सहा आठवडे. म्हणजे जुलैअखेर पेरणी आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला लावणी.

रोप वीतभर उंचीचे, पाच-सहा पानांचे झाले की ते सकाळी न लावता संध्याकाळी लावावे. पहिली रात्र थंडाव्यात गेली की ते कोमेजत नाही. दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर, खाली मुरलेले शेणखत आणि दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. अंगण नसेल तर तळाला भोके पाडलेला तेलाचा पत्र्याचा मोठा डबाही चालतो. एक पथ्य मात्र पाळावे. मागच्या हंगामात जेथे वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा होता, तेथे वांगी लावू नयेत. ही सर्व एकाच कुळातली भावंडे. मर रोगासारखी त्यांची दुखणीही सामाईक आहेत, आणि त्या दुखण्यांचे जंतू मातीत वाट पाहत असतात.

फुले का गळतात?

झाडाला जांभळी, चांदणीसारखी फुले आली की घरात आनंद होतो. चार दिवसांनी त्यांतली बरीचशी जमिनीवर पडलेली दिसतात, आणि मग 'काहीतरी औषध मारा' असा सल्ला मिळतो. सल्ला ऐकण्यापूर्वी फुले नीट पाहावीत. मध्यभागी पाच पिवळ्या परागकोशांचा सुळका असतो. काही फुलांत कुक्षी या सुळक्यातून बाहेर डोकावते. काही फुलांत ती सुळक्याच्या टोकाशी असते. उरलेल्या फुलांत कुक्षीवृंत इतका आखूड असतो, की कुक्षी सुळक्याच्या आत दडलेली राहते. फळे धरतात ती मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांना. आखूड कुक्षीवृंताची फुले बहुतेक गळून जातात. ही गळ म्हणजे रोग नव्हे. एका झाडावर एकाच वेळी दोन्ही प्रकारची फुले सापडतात. विद्यार्थ्यांनी फुलांच्या देठांना दोन रंगांचे दोरे बांधावेत, एक लांब कुक्षीवृंतासाठी आणि एक आखूड कुक्षीवृंतासाठी, आणि पंधरा दिवसांनी मोजणी करावी. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.

या फुलाची आणखी एक गंमत आहे. बहुतेक फुलांचे परागकोश उभे चिरतात आणि पराग उघडे पडतात. वांग्याचे परागकोश मिठाच्या डबीसारखे असतात. त्यांना टोकाशी फक्त बारीक छिद्रे असतात. पराग बाहेर पडायचे तर डबी हलवली पाहिजे. वाऱ्याने थोडे काम होते, पण खरे काम करतात काळे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माश्या. त्या फुलाला घट्ट धरतात आणि पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू वेगाने थरथरवतात. त्या वेळी ऐकू येणारा गुणगुणाट नेहमीच्या उडण्याच्या आवाजापेक्षा चढा असतो, आणि त्यासरशी पराग धुरळ्यासारखे बाहेर पडतात. मधमाशीला ही कला येत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा असतो. कोरड्या हवेत, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, वांग्याच्या फुलाखाली काळा कागद धरावा. 256 हर्ट्झचा नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून परागकोशांना अलगद टेकवावा. कागदावर पिवळट भुकटी पडते. ध्वनीचा धडा आणि परागणाचा धडा एकाच फुलावर शिकवता येतो.

सुकलेला शेंडा

ऑक्टोबरात आमच्या दोन झाडांचे कोवळे शेंडे माना टाकू लागले. पाणी कमी पडले असे वाटून आम्ही ते वाढवले. फरक पडला नाही. अखेर एक शेंडा कापून उभा चिरला, तर आत पोखरलेली नळी आणि तिच्यात एक अळी. हीच ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. शास्त्रीय नाव ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस. भारतात वांग्याचे सर्वांत जास्त नुकसान हीच कीड करते.

तिचा जीवनक्रम समजला की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. पांढरट पंखांवर तपकिरी ठिपके असलेला लहानसा पतंग रात्री पानांच्या खालच्या बाजूला, कळ्यांवर आणि शेंड्यांवर अंडी घालतो. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर येते. त्या वेळी ती केसासारखी बारीक असते. काही तासांतच ती शेंड्यात किंवा फळाच्या टोपीखालून फळात शिरते. तिने पाडलेले छिद्र इतके सूक्ष्म असते, की ते तिच्या विष्ठेने बुजते आणि फळ वाढताना दिसेनासे होते. सुमारे दोन आठवडे ती आत खाऊन गुबगुबीत, गुलाबी होते. मग कोषात जाण्यासाठी ती फळ कुरतडून बाहेर पडते आणि खाली पालापाचोळ्यात उतरते. आपल्याला दिसते ते ठसठशीत भोक म्हणजे तिचा बाहेर पडण्याचा दरवाजा!

म्हणजे भोक असलेल्या वांग्यातली अळी बहुधा निघून गेलेली असते, आणि जिवंत अळी असलेले वांगे बाहेरून धडधाकट दिसू शकते. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण एकाच फळात दोन वेगवेगळ्या वयांच्या अळ्याही असू शकतात.

शेतकऱ्याची अडचणही येथेच आहे. फवारलेले औषध अळीला गाठू शकते ते अंड्यातून निघून आत शिरेपर्यंतच्या थोड्या तासांत. एकदा ती आत गेली की वरचे औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. पतंग तर रोज रात्री अंडी घालत असतात. म्हणून शेतकरी पुनःपुन्हा फवारतो. फवारणी आणि तोडणी यांत जितके दिवस जायला हवेत तितके जातातच असे नाही, कारण वांगी दर चार-पाच दिवसांनी तोडावी लागतात. फवारणाऱ्याच्या फुप्फुसांचा आणि खाणाऱ्याच्या ताटाचा प्रश्न या काही तासांच्या गणितात अडकला आहे. याच किडीसाठी जनुकबदल केलेले बीटी वांगे तयार झाले. त्याला ऑक्टोबर 2009 मध्ये तज्ज्ञ समितीची मान्यता मिळाली. पण देशात ठिकठिकाणी झालेल्या जनसुनावण्यांनंतर 9 फेब्रुवारी 2010 रोजी केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशात मात्र 2014 पासून ते शेतकऱ्यांच्या हाती आहे. या वादात कोणतीही बाजू घेण्यापूर्वी अळीचा जीवनक्रम माहीत असणे आवश्यक आहे, एवढेच आम्ही येथे म्हणू.

सहा झाडांच्या मालकाला मात्र फवारणीची गरज नाही. त्याच्याकडे डोळे आणि कात्री असते. आठवड्यातून दोनदा झाडे पाहावीत. शेंड्याने मान टाकलेली दिसली की पोखरलेला भाग संपतो त्याच्या थोडे खाली कापावे आणि किडकी फळे काढून टाकावीत. येथे आमची एक चूक सांगायला हवी. पहिल्या वर्षी आम्ही कापलेले शेंडे प्रामाणिकपणे कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात टाकत राहिलो. अळ्यांनी तेथे निवांत कोष केले आणि पतंग होऊन परत आमच्याच झाडांवर आल्या. त्या वर्षी आमची निम्मी वांगी गेली. किडके शेंडे आणि फळे साबणाच्या पाण्यात बुडवून किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवून आतल्या अळ्या मारल्याखेरीज खड्ड्यात टाकू नयेत, हा धडा आम्ही असा विकत घेतला.

केव्हा तोडायचे?

फूल उमलल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत फळ तोडणीला येते. जातीप्रमाणे यात फरक पडतो. पण दिवस मोजण्यापेक्षा फळालाच विचारावे. जांभळ्या वांग्याची टोपी, म्हणजे निदलपुंज, किंचित उचलून पाहा. खालची साल पांढरट दिसेल. सालीचा रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांमुळे येतो, आणि पुष्कळ जातींत ही द्रव्ये तयार व्हायला प्रकाश लागतो. फळ झपाट्याने वाढत असते तेव्हा टोपीखालून रोज नवी साल बाहेर सरकते. तिने अजून ऊन पाहिलेले नसते, म्हणून टोपीलगत फिकट पट्टा दिसतो. वाढ मंदावली की पट्टा अरुंद होतो. पट्टा अरुंद झाला, सालीवर चकाकी आहे आणि अंगठ्याने दाबल्यावर हलकासा खळगा राहतो, ही तोडणीची वेळ.

यावर एक सोपा प्रयोग करता येतो. द्राक्षाएवढ्या फळावर काळ्या कागदाची सैल पिशवी बांधावी आणि दहा-बारा दिवसांनी उघडावी. आमचे वांगे फिकट निघाले, आणि उन्हात राहिल्यावर काही दिवसांत जांभळे झाले. काही जाती अंधारातही रंगतात. आपली जात कोणती, हे प्रयोगच सांगेल.

तोडायला उशीर झाला तर चकाकी जाते, साल पिवळसर-तपकिरी होते, बिया टणक होतात आणि चव कडवट होते. झाडाच्या दृष्टीने मात्र हेच खरे पिकणे आहे. आपण खातो ते वांगे झाडाच्या हिशेबाने कच्चेच असते. एकदा बी तयार झाले की झाडाची नवी फळे धरण्याची घाईही कमी होते. म्हणून वेळच्या वेळी, देठासकट, कात्रीने कापून तोडणी करावी. तोडलेली वांगी फ्रिजमध्ये फार दिवस ठेवू नयेत. उष्ण प्रदेशातल्या या फळाला 10 अंश सेल्सियसखालचा गारठा सोसत नाही. सालीवर खड्डे पडतात आणि आतून ते काळवंडते.

स्वयंपाकघरातील रसायन

वांगे चिरले की लगेच पाण्यात टाकायचे, हे घराघरांत ठाऊक आहे. पेशींमध्ये क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याच्यावर क्रिया करणारे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. विळीने कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी पदार्थ बनतो. पाण्यात हवा कमी पोचते म्हणून क्रिया मंदावते. लिंबाच्या रसात विकर नीट काम करत नाही, आणि उकळत्या पाण्यात ते निकामीच होते. चार फोडी, चार वाट्या आणि एक घड्याळ एवढ्यावर हे वर्गात दाखवता येते. विळी लोखंडी असेल तर डाग अधिक काळा पडतो, कारण अशी आम्ले लोहाबरोबर गडद रंगाची संयुगे बनवतात.

आता एक अख्खे वांगे बादलीत टाका. ते तरंगते. गर स्पंजासारखा आहे आणि त्यात हवा भरलेली आहे. हेच वांगे तेल पिण्याचे कारण. फोडी तापल्या की हवा निघते आणि मोकळ्या जागी तेल शिरते. फोडींना मीठ चोळून अर्धा तास ठेवले तर परासरणाने पेशींतले पाणी बाहेर येते, गर खाली बसतो आणि तेल कमी लागते. फोड पाण्यात शिजवली की तिच्यातली हवा जाऊन ती अर्धपारदर्शक होते आणि बुडते. घनतेचा प्रयोग करून झाल्यावर तो खाताही येतो.

चंपाषष्ठीला आमच्या पहिल्या तोडणीची पाच वांगी निखाऱ्यावर गेली. भाजताना आतल्या पाण्याची वाफ होते, पेशींच्या भिंती मऊ होऊन कोसळतात, हवा निघून जाते आणि टम्म वांगे मुठीएवढे होते. वाफेला वाट नसेल तर साल फुटते. आमच्या घरी भाजण्यापूर्वी वांग्याला तळापासून देठापर्यंत एक उभी चीर देण्याची पद्धत आहे. विचारले तर उत्तर ठरलेले : 'आत अळी आहे का ते बघायला.' वाफेला वाट मिळते हा तिचा दुसरा फायदा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या वांग्यावर विश्वास न ठेवता आत डोकावून पाहणारी ही चीर, आम्ही झाडाशेजारी बसून शिकलो त्याच्या कितीतरी आधीपासून दिली जात होती. त्या दिवशी पाचांपैकी एकात अळी निघाली. बाहेरून त्या वांग्याला एकही भोक नव्हते.