चाकाचे बेअरिंग : बदलावे की तपासावे?



फर्दापूर हे अजिंठा घाटाच्या पायथ्याचे गाव. इथला माल कधी घाट चढून सिल्लोडकडे जातो, तर कधी पहूरमार्गे जळगावकडे. कापसाचा हंगाम तोंडावर आला की एक प्रश्न हमखास निघतो : "चाकं नीट चालताहेत, पण वाटेत दगा नको. ट्रॉलीचे, जीपचे बेअरिंग आधीच बदलून टाकावे का?"

थोडक्यात उत्तर असे : केवळ जुने झाले म्हणून चांगले बेअरिंग बदलू नका. पण न तपासता गाडी घाटात घालू नका.

असे का?

बैलगाडीच्या आखाला आपण वंगण घालतो, ते लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. बेअरिंगचे कामही तेच. निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी घेतले. ते मूळचे घोडागाड्या बनवणारे! वळणावर चाकाला बाजूने जो रेटा बसतो, तो हे रोलर सोसतात. ट्रॉलीच्या चाकात बहुधा हीच जात असते.

एकाच कारखान्यातली, एकाच मापाची दोन बेअरिंग सारखीच टिकतील असे नाही. म्हणून ठराविक किलोमीटर झाले की बदलायचे म्हटले, तर पुष्कळदा धडधाकट माल भंगारात जातो. शिवाय नवे बेअरिंग वेडेवाकडे ठोकून बसवले, तर ते जुन्याच्याही आधी जाते.

बेअरिंगचे खरे शत्रू तीन : पाणी, धूळ आणि चुकीचा कस. भरधाव येऊन तापलेले चाक नाल्याच्या पाण्यात गेले की हबमधली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस पांढरट होते, रोलरला गंज धरतो.

घरच्या घरी तपासणी

१. गाडी सपाट जागी उभी करा. बाकीच्या चाकांना दगडाची उटी लावा. जॅकने चाक उचला आणि खाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका.

२. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा; न थांबली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट पाहा.

३. चाक हाताने फिरवा. खरखर किंवा अडखळ नको.

४. चालताना घूं-घूं आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढतो का? डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवे चाक दोषी, कारण भार तिकडे जातो.

५. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर हबजवळ जपून हात न्या. एकच हब जास्त तापला असेल तर संशय घ्या. घाट उतरल्याबरोबर मात्र ही परीक्षा करू नका. तेव्हा ब्रेकनेच चाके तापलेली असतात.

ट्रॉलीसाठी

वर्षातून एकदा, हंगामाआधी हब उघडा. बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, वाळवा. रोलर आणि कप गुळगुळीत असतील तर नवे ग्रीस रोलरांमध्ये दाबून भरा आणि ऑइल सील मात्र नवे घाला. जुन्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचे ग्रीस चोपडू नका. चाक फिरवत नट आवळा, मग किंचित सैल करा. नवी कॉटर पिन घालायला विसरू नका.

खड्डे, गंज, निळसर डाग किंवा तुटकी जाळी दिसली, तर बेअरिंग बदलाच, आणि कपासकट बदला. जुन्या कपात नवे रोलर टिकत नाहीत. दुकानात जाताना जुने बेअरिंग सोबत न्या. त्यावर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ३०२०६ : शेवटच्या ०६ ला ५ ने गुणले की आतले भोक ३० मिलिमीटर.

मोटारीसाठी

हल्लीच्या बऱ्याच मोटारींत बंद बेअरिंग असते. त्यात ग्रीस भरता येत नाही, आणि काढताना चांगलेही बिघडते. म्हणून आवाज किंवा खेळ नसेल तर हात लावू नका. मात्र आवाज सुरू झाल्यावर "हा हंगाम जाऊ दे" म्हणू नका. एका बाजूचे गेले तर दुसरे तपासा. चांगले असेल तर राहू द्या.

बंधूंनो, बेअरिंग एकदम जात नाही, आधी कुरकुरते. ते ऐकले नाही तर जाम होऊन आख कापते, घाटात चाक निखळते. मालाच्या ट्रॉलीवर तर माणसे बसवूच नका. सीलचा आणि ग्रीसचा खर्च थोडका आहे. गेलेला माणूस परत येत नाही.