‘कार्ड उडालं’ म्हणण्याआधी

मराठवाड्यात मृगाच्या आगेमागे पाऊस येतो तो गडगडाट घेऊनच. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांच्या हिंगोली जिल्ह्यात एखाद्या रात्री विजा कडाडतात, लाइट चार वेळा येते-जाते आणि सकाळी घरातल्या कॉम्प्युटरवर नेट बंद दिसतं. अकरावीचे ऑनलाइन अर्ज, सातबारा, पीकविमा यांची घाई नेमकी याच दिवसांत असते. मग निदानही घाईतच होतं : “कार्ड उडालं.” कधी ते खरं निघतं. पण नेट बंद पडायला केबल, राउटर, ड्रायव्हर, सेटिंग अशी कितीतरी कारणं असतात आणि नेटवर्क कार्ड हे त्यांतलं फक्त एक. ते चालू आहे की नाही, हे घरच्या घरी, स्क्रू ड्रायव्हर न लावता तपासता येतं. आड येतात ते काही पक्के बसलेले गैरसमज.

गैरसमज : कॉम्प्युटरचा ठोकळा उघडून पाहिला, आत कार्डच नाही.

वस्तुस्थिती : ‘कार्ड’ हा शब्द जुना आहे. 1973 मध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेटचा पाया घातला. घरगुती कॉम्प्युटरमध्ये पुढे बरीच वर्षं त्यासाठी वेगळी पट्टी खाचेत बसवावी लागे. आज तेच काम मदरबोर्डवरची एक छोटी चिप करते. मागच्या बाजूला टेलिफोनच्या पिनेपेक्षा रुंद, आठ तारांचं चौकोनी पोर्ट दिसलं की नेटवर्क कार्ड आहे असं समजावं.

वायफायचं कार्ड मात्र वेगळं. अनेक डेस्कटॉपमध्ये ते नसतंच. उलट अलीकडच्या पातळ लॅपटॉपमध्ये वायफाय असतं, पण केबलचं पोर्ट नसतं. त्यामुळे पहिला प्रश्न हाच : बिघाड शोधायचा तो कोणत्या कार्डाचा?

गैरसमज : पोर्टवरची लाइट लागली म्हणजे कार्ड चांगलं, विझली म्हणजे मेलं.

वस्तुस्थिती : लाइट सांगते ते एवढंच की केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना ओळखतात. कॉम्प्युटर बंद असतानाही काही पोर्टची लाइट चालू राहते, कारण तारेवरून संदेश आला तर जागं होण्यासाठी कार्डाला थोडी वीज मिळत असते. आणि लाइट विझलेली असेल, तर दोष केबलचा असू शकतो, पिनेची कडी तुटून ती सैल बसलेली असू शकते किंवा राउटरचं ते एक पोर्ट गेलेलं असू शकतं.

अशा वेळी एका यंत्राच्या साक्षीवर विसंबू नये. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा शिवारात ज्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली, त्या प्रकल्पाच्या अमेरिकेतल्या भावंडांची रीत इथेही उपयोगी पडते. 14 सप्टेंबर 2015 रोजी गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद झाली, तेव्हा सुमारे 3,000 किलोमीटर अंतरावरच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन्ही केंद्रांत तोच संकेत उमटला होता. शिवाय आसपासच्या हादऱ्यांचा, आवाजाचा आणि विजेच्या गडबडीचा तो परिणाम नाही, हे तपासून मगच फेब्रुवारी 2016 मध्ये जगाला सांगण्यात आलं. घरातही तेच करावं. आधी राउटरचं दुसरं पोर्ट वापरून पाहावं, मग दुसरी केबल, मग तीच केबल शेजारच्याच्या लॅपटॉपला. दुसऱ्या यंत्रावर त्याच केबलने नेट चाललं, तरच संशय कार्डाकडे वळवावा.

गैरसमज : 127.0.0.1 ला पिंग केलं, उत्तर आलं, म्हणजे कार्ड ठणठणीत.

वस्तुस्थिती : पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहणं. पण 127.0.0.1 हा कॉम्प्युटरचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता आहे. तो संदेश कार्डापर्यंत पोहोचतच नाही. सॉफ्टवेअरच्या आतूनच परत फिरतो. केबल काढून ठेवली तरी उत्तर येतं. खरी परीक्षा म्हणजे राउटरला पिंग करणं. त्याचा पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो, वायफाय बंद ठेवून फक्त केबलवर ही चाचणी करावी. राउटरकडून उत्तर आलं, तर कार्ड, केबल आणि राउटर तिघंही शाबूत आहेत.

गैरसमज : ‘नो इंटरनेट’ दिसतंय, म्हणजे कार्ड बंद.

वस्तुस्थिती : हा संदेश बऱ्याचदा कार्डाच्या बाजूनेच साक्ष देतो. विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी आणि इथरनेटच्या नावाखालचा आकडा पाहावा.

पत्ता 192.168 ने सुरू होत असेल, तर राउटरने कॉम्प्युटरला ओळखून पत्ता दिला आहे. अडचण पुढे आहे. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ची लाल लाइट लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशसंकेतच थांबलेला असतो आणि त्यावर कॉम्प्युटरमध्ये करण्यासारखं काही नसतं.

पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर कार्ड जागं आहे, पण राउटरकडून पत्ता न मिळाल्याने विंडोजने स्वतःच तात्पुरता लावून घेतला आहे. राउटर बंद-चालू करून पाहावा. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असं आलं, तर आधी तार पाहावी.

यादीत इथरनेटचं नावच नसेल, तर पुढची पायरी : विंडोजमधली कॉम्प्युटरच्या भागांची यादी, म्हणजेच डिव्हाइस मॅनेजर.

गैरसमज : डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण म्हणजे कार्ड जळालं.

वस्तुस्थिती : जळालेली चिप बहुतेकदा पिवळी खूणही दाखवत नाही, ती यादीतून गायबच होते. पिवळ्या त्रिकोणावर दोनदा क्लिक केलं की क्रमांक दिसतो. 28 म्हणजे ड्रायव्हर टाकलेला नाही. नवी विंडोज मारल्यावर हे अनेकदा घडतं, आणि कार्ड ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’ अशा मोघम नावाने पडून राहतं. 22 म्हणजे कोणीतरी ते बंद केलं आहे. राइट क्लिक करून ‘एनेबल’ करायचं, एवढंच.

ड्रायव्हर आणायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा, हा पेच मोबाइल सोडवतो. फोन यूएसबी वायरने जोडून ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू केलं की फोनच तात्पुरतं नेटवर्क कार्ड होतो.

कार्ड यादीत अजिबात नसेल, तर कॉम्प्युटर बंद करून वायर काढावी, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जिरू द्यावी आणि मग सुरू करावं. बायॉसमध्ये ‘ऑनबोर्ड लॅन’ बंद झालंय का, तेही पाहावं. शेवटची खात्री लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून होते : उबुंटू इन्स्टॉल न करता चालवून पाहता येतो. तिथे नेट चाललं, तर दोष विंडोजचा. तिथेही कार्ड दिसलंच नाही, तर मात्र ते गेलं.

गैरसमज : आता फायबर आलं, विजेची भीती संपली.

वस्तुस्थिती : काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, हे खरं. पण राउटरचा अॅडॉप्टर भिंतीतल्या विजेवर चालतो आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल तांब्याची असते. जवळ वीज पडली, तर दाबाचा झटका याच दोन वाटांनी आत शिरतो. इथरनेटच्या पोर्टमागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि प्रमाणानुसार ते 1,500 व्होल्टपर्यंत अलगपणा राखतात. विजेचा झटका त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा आणि नेटची केबलही काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गैरसमज : कार्ड गेलं, आता मदरबोर्डच बदलावा लागणार.

वस्तुस्थिती : मदरबोर्डचं बाकी काम ठीक असेल, तर त्याच्या खाचेत वेगळं कार्ड बसवता येतं किंवा यूएसबीला लावायचा लॅन अॅडॉप्टर घेता येतो. दोन्हींचा खर्च मदरबोर्डपेक्षा फारच कमी. दुकानात ठोकळा नेण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : लाइट लागते का, आयपीकॉन्फिगमध्ये कोणता आकडा दिसला, डिव्हाइस मॅनेजरमधला क्रमांक कोणता, आणि तीच केबल दुसऱ्या यंत्राला चालली का.